‘कळलं वाटलं म्हणजे कळलंच’ या मेसेजबद्दल खुलासा

दहावीच्या तोंडावर रत्नागिरी-मालवणकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘धडा वाचून कळला असं वाटलं की पुढे जा, मन खोटं सांगत नाही.’ कृपया हा पुढे पाठवू नका. तो चुकीचा आहे.

मजकुरातली दोन विधानं एकमेकांना छेद देत असली, तरी ते ध्यानात न येता वाचक ‘समजलं’ म्हणतात, हे मानसशास्त्रज्ञ ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखवलं. डनलॉस्की आणि लिप्को यांच्या २००७ च्या लेखात आपल्याला किती कळलं याचा वाचकाचा अंदाज आणि प्रत्यक्ष चाचणी यांतला सरासरी सहसंबंध जेमतेम ०.२७ आहे (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ).

भरती-ओहोटीचा धडा घ्या. उधाण (सर्वात मोठी भरती), भांग (सर्वात लहान भरती) हे आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांचे घरचे शब्द, त्यामुळे धडा भरभर वाचून होतो. मग विचारा: अमावास्येला चंद्र-सूर्य एका बाजूला, पौर्णिमेला समोरासमोर, तरी उधाण दोन्ही वेळी का? इथे भलेभले अडतात. (पाणी पृथ्वीच्या दोन्ही अंगांना फुगतं, म्हणून तिघं एका रेषेत आले की पुरे.) वाचताना अडखळलो नाही, यालाच आपण समज धरून बसतो.

दुसऱ्यांदा वाचल्याने अंदाज थोडा सुधारतो, हे खरं. पण थिडे आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात खरा फरक पडला तो वाचनानंतर काही वेळ जाऊ देऊन मुख्य शब्द आठवून लिहिल्याने. लगेच लिहिलं तर सगळं ताजंच असतं. म्हणून सकाळचा धडा मुलाला संध्याकाळी, पुस्तक मिटून सांगायला लावा.