पूररेषेच्या आत सुखानं कसं राहावं

पंचगंगेची पूररेषा नव्यानं आखणार म्हणून कोल्हापुरात मोजणीवाले फिरू लागले, की आधी चहा ठेवा. नदी चहा पीत नाही, त्यामुळं तिच्याशी बोलणी होत नाहीत. मोजणीवाल्यांशी निदान ओळख तरी निघते.

निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. तुम्ही ‘एकदा’ हा शब्द घट्ट धरा. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं (धोका 43 फुटांना सुरू होतो), म्हणजे आपला कोटा संपला. 2021 ला ते 56 च्याही वर गेलं, पण ते नजरचुकीनं. एखादा गणितवाला सांगेल, की 25 वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता, आणि 20 वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत पाणी एकदा तरी निळ्या रेषेपर्यंत यायची शक्यता 56 टक्के. असल्या माणसाला वास्तुशांतीला बोलवू नका.

निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. मग मुरूम टाका. डंपरवर डंपर, रात्रीचे. प्लॉट वर आला की पाणी शेजारी जातं. शेजाऱ्यानंही भराव टाकला की ते जयंती नाल्यातून उलटं फिरून शाहूपुरीत शिरतं, आणि शाहूपुरीत तुमचं कोण राहतंय? (सासुरवाडी असेल तर श्रावणात जाणं टाळा.)

एवढं करूनही नव्या नकाशात रेषा घरावरून गेलीच, तर हरकत घ्या. ‘आमच्या आज्ज्याच्या काळापासून इथं पाणी आलेलं नाही,’ असं लिहा. आज्जा वरच्या पेठेत राहायचा आणि इथं ऊस होता, हे लिहायची गरज नाही. शेवटी, पुराचं खापर ज्याच्यावर फुटतं त्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा उल्लेख करा. त्यानं अर्जाला वजन येतं.

घर विकायचं मनात आलं, तर गिऱ्हाईक एप्रिलमध्ये आणा. नदी तेव्हा लांब दिसते, गरीब दिसते. भिंतीला आधीच मातकट रंग मारून घ्या, म्हणजे 2019 आणि 2021 च्या रेघा त्यात मिसळून जातात. छताजवळची ओल कसली म्हणून विचारलं, तर वरची टाकी गळतीय म्हणून सांगा.