कंट्रोलर चांगला आहे दादा, डॉज बटण सोडल्यावर लागतो

नमस्कार दादा, सगळ्यात आधी सॉरी, तुम्ही मित्रांना घेऊन आमच्या गेमिंग पार्लरमध्ये एल्डन रिंग हा गेम खेळायला आला होता आणि मजा आली नाही म्हटल्यावर आम्हालापण वाईट वाटलं. एसीचं म्हणताय ते बरोबर, रविवारी सगळ्या सीट भरल्या की आत उकडतं, त्याचं बघतोय.

पण एक स्टार देताना तुम्ही लिहिलंय की "कंट्रोलर खराब, बटण दाबलं तरी डॉज उशिरा लागतो, टीव्ही लॅग मारतोय, आणि एल्डन रिंगची फायटिंगच बोगस, गॉड ऑफ वॉरमध्ये कसं लगेच लागतं, ८० रुपये वाया". गेमला बोगस म्हणा, तो काय माझ्या घरचा नाही. पण "कंट्रोलर खराब" हे लई लागलं बघा. राजारामपुरीत आता पोरगं पाठवायच्या आधी आईवडील मोबाईलवर रिव्ह्यू बघतात, त्यांना डॉज म्हणजे वार चुकवणं हे कळत नाही, ते पहिले दोन शब्द वाचतात आणि म्हणतात नको तिकडं. दोन पीएस५ गेम मशीनचे हप्ते चालू आहेत माझे, असो, तो तुमचा विषय नाही.

डॉजचं सांगतो. एल्डन रिंगमध्ये गोल बटण एकच आणि कामं दोन. धरून ठेवलं की कॅरेक्टर पळतं, नुसतं टॅप केलं की लोळून वार चुकवतं, तोच डॉज. मग तुम्हाला पळायचंय का लोळायचंय हे गेमला कळणार कधी, तर बोट उचलल्यावर. म्हणजे डॉज दाबल्यावर नाही, सोडल्यावर लागतो. तुम्ही मार्गिटनं, म्हणजे समोरच्या मोठ्या शत्रूनं (बॉसनं), काठी उचलली की गोल बटण गच्च दाबून धरत होता, मी काउंटरवरनं बघत होतो, आणि तो बाबा काठी वर नेऊन मुद्दाम थांबतो, तुम्ही घाबरून आधीच लोळावं म्हणूनच त्याला तसा बनवलाय. त्याच्या आधी बराच वेळ तुम्ही फुलीचं (X) बटणच दाबत होता, कारण गॉड ऑफ वॉरमध्ये डॉज फुलीवर आहे. इथं फुली म्हणजे उडी. तुमचे मित्रच हसत होते, मी नाही हसलो.

आणि ती सेव्ह, म्हणजे आधी खेळून साठवलेला गेम. मी म्हटलं होतं नवीन गेम सुरू करून देतो, सुरुवातीची शिकवणीची गुहा आहे तिथं दहा मिनिटं हात बसवा. तुम्ही म्हणाला मी लहानपणापासून खेळतोय, डायरेक्ट बॉस द्या. मग जी सेव्ह दिली ती आमच्या एका रेग्युलर पोराची, त्याला लोळायचंच नसतं, तो अंगावर सगळं जाड चिलखत चढवून मोठ्या ढालीमागनं भाल्यानं टोचत बसतो. या गेममध्ये अंगावरचं वजन लोडच्या, म्हणजे जास्तीत जास्त पेलणाऱ्या वजनाच्या, ७० टक्क्यांच्या वर गेलं की रोल (लोळणं) जड होतो, पोतं पडल्यासारखा. ३० टक्क्यांच्या खाली असलं तर झटकन लांब जातो. ढाल आणि छातीवरचं चिलखत काढा असं मी दोनदा येऊन सांगितलं, तुम्ही म्हणाला शिकवू नका. खासबागेत कुस्ती बघायला वर बसून "अरे पट काढ की" म्हणून ओरडणारे लई असतात, मातीत उतरल्यावर कळतं, राग मानू नका पण तसं झालं थोडं.

टीव्हीचा गेम मोड कायम चालू असतो, शटर उघडलं की आधी तेच बघतो. तो बंद असला तर चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्हीच वेळ खातो, आणि ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) धरली तर, एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद, त्यातले पाच-सहा फ्रेम गेले तर डॉज, पॅरी (वार उलटवणं) सगळंच बोंबललं. तसं असतं तर तुमच्यानंतर त्याच सीटवर, त्याच कंट्रोलरवर जी पोरं एफसी हा फुटबॉलचा गेम खेळली ती गप बसली नसती. डाव्या स्टिकचं रबर झिजलंय, खोटं कशाला बोलू, बदलणार आहे, पण रबर झिजलं म्हणून डॉज उशिरा लागत नाही.

आता फायटिंग बोगस का नाही ते. गॉड ऑफ वॉरच्या मापानं एल्डन रिंग मोजली तर ती हळूच वाटणार. इथं एकदा वार सुरू केला की तो पूर्ण करावा लागतो, म्हणून मारायच्या आधी विचार करायचा, खेळच तो आहे. सेकिरो नावाच्या गेममध्ये तर एल१ बटण बडवत बसलं की डिफ्लेक्टची, म्हणजे वार तलवारीवर परतवायची, वेळ उलट कमी होत जाते, आणि बडवणारा म्हणतो बटण लागत नाही. गेम न शिकताच नावं ठेवायची ही चूक मोठमोठ्या रिव्ह्यूवाल्यांनीपण केलीय. २००६ ला पीएस२ वर गॉड हँड हा मारामारीचा गेम आला, ब्लॉक नाहीच, सगळं उजव्या स्टिकनं चुकवायचं, आयजीएन या गेम रिव्ह्यूच्या साइटनं त्याला १० पैकी ३ दिले. आज ॲक्शन गेमवाले तोच गेम डोक्यावर घेतात. गेम तोच आहे, नंतरच्यांनी वेळ दिला एवढंच.

नावं ठेवायचीच तर कॅमेऱ्याला ठेवा, मीपण ठेवतो, मोठ्या बॉसच्या पायाखाली गेलं की काय दिसत नाही. मार खाताना दाबलेलं बटण गेम लक्षात ठेवतो आणि नको तेव्हा लोळतो, तेपण डोक्यात जातं, ते लिहिलं असतं तर मी स्वतः लाईक केलं असतं.

पैशाचं म्हणाल तर तासाचे ८० घेतले, वरची वीस मिनिटं मी धरली नाहीत, ते तुमच्या रिव्ह्यूत आलं नाही. बटणांची चिठ्ठी टीव्हीखाली लावतोय, नवीन माणसासाठी हलकी सेव्हपण वेगळी करून ठेवू, जमेल तसं.

आठवड्यातल्या दिवशी सकाळी ११ नंतर या, गर्दी नसते, मार्गिट तुमच्याच हातनं पडेल, तो तास माझ्याकडून. एल्डन रिंगला काय द्यायचे ते स्टार द्या, फक्त "कंट्रोलर खराब" तेवढी ओळ काढली तर बरं होईल.