कुरासाओतील एक दिवस : बसपेक्षा पायी चालणे बरे

कुरासाओ या कॅरिबियन बेटाची राजधानी विलेमस्टाड येथे क्रूझने उतरणाऱ्यांनी जहाजाचीच बससहल घेऊन समुद्रकिनारा गाठावा, असा सल्ला एका प्रवासलेखात वाचला. लहान मुले सोबत असतील तर तो योग्यच आहे, परंतु इतरांनी त्याचा पुनर्विचार करावा, असे मला मनापासून वाटते. धक्क्यापासून ओट्रोबांडा हा जुना भाग चालत गाठता येतो आणि तिथून १८८८ साली प्रथम बांधलेला, नौकांवर तरंगणारा क्वीन एमा पूल ओलांडला की आपण पलीकडच्या पुंडा या भागात पोहोचतो. जहाज आत येताना हा पूल एका टोकाशी बिजागरी असल्यासारखा सबंध बाजूला सरकतो. पायाखालच्या फळ्या किंचित हलतात, घंटा वाजते आणि पलीकडे जाणारे लोक विनामूल्य फेरीबोटीकडे वळतात. पुंडातील १७३२ सालच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जमिनीवर वाळू पसरलेली आहे. शनिवारी मात्र शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, तिथे पर्यटकांना प्रवेश नसतो, हे वार पाहून ठरवावे. मी सर्वाधिक वेळ ओट्रोबांडातील कुरा हुलांडा संग्रहालयाला दिला असता तरी चालले असते, कारण गुलामांच्या व्यापाराच्या ज्या पैशावर शहरातली रंगीत घरे उभी राहिली, त्याची जाणीव तिथल्या साखळदंडांसमोर उभे राहिल्यावरच होते. घाईत तासाभरात ते उरकले, याची खंत अजून आहे.

परतीची वेळ ठरवताना पूल बाजूला सरकलेला असण्याची शक्यता धरून अर्धा तास हाताशी ठेवावा आणि घड्याळ जहाजाच्याच वेळेवर लावावे.