माझी शेजारीण कंट्रोल ग्रुपमध्ये होती

२०२५च्या जूनमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला : 'केमोपेक्षा चालणं जास्त गुणकारी, परदेशी डॉक्टरांनी अखेर मान्य केलं.' पाठवणारे ठाण्यातल्या पाचपाखाडीचे काका. खाली सात-आठ जणांचे जोडलेले हात. त्याच आठवड्यात कळव्याच्या आत्याची चौथी केमो होती. रात्री तिचा फोन आला. "तू वाचतेस ना गं हे सगळं? मग सांग, उरलेल्या दोन नाही घेतल्या तर चालेल का?"

मी नॉर्वेत, ट्रॉन्डहाइमला राहते. अकरा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पुलांच्या बांधकामात काम करते. पण आत्याच्या त्या प्रश्नानंतर झोप लागेना, म्हणून ज्या संशोधनाच्या नावावर तो मेसेज फिरत होता तेच काढून वाचलं. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेली ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाचणी, नाव 'चॅलेंज'. बहुतेक रुग्ण कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचे, एकूण ८८९. सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आणि सगळ्यांची केमोही पूर्ण झालेली. त्यानंतर चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटाला आहार-व्यायामाची छापील माहिती दिली. दुसऱ्याला तीच माहिती, आणि शिवाय तीन वर्षं सोबतीला एक प्रशिक्षित माणूस. तो भेटायचा, फोन करायचा, किती चाललात विचारायचा, गुडघा दुखत असेल तर दुसरं काहीतरी सुचवायचा. आठ वर्षांनी पहिल्या गटातले ८३.२ टक्के लोक हयात होते, दुसऱ्या गटातले ९०.३ टक्के.

सात टक्के म्हणजे चौदा रुग्णांमागे एक जीव. हा आकडा वाचून मी बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. एखाद्या नव्या औषधानं एवढं केलं असतं तर त्याची किंमत लाखांत असती. पण केमो सोडून चाललेला माणूस त्या चाचणीत एकही नव्हता. आत्याला मी एवढंच सांगितलं की केमो घेतलेल्यांनाच चालण्याचा फायदा झाला, आणि तुझा कर्करोगही वेगळा आहे, तुझ्या डॉक्टरांना विचार. तिनं उरलेल्या दोन्ही घेतल्या.

काकांवर माझा राग नाही. त्यांनी तो मेसेज प्रेमानंच पाठवला होता. ठाण्यात माझ्या माणसांमध्ये सध्या हा वाद घरोघरी चालतो आणि त्यात दोनच बाजू आहेत. एक म्हणते, गोळ्या हा कंपन्यांचा धंदा, चाला आणि गोळ्या फेकून द्या. दुसरी म्हणते, अमक्याचा मुलगा जिममध्ये कोसळला, तेव्हा या वयात व्यायामाच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्या बाजूच्या भीतीला थोडा आधार आहे. तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं ४७ रुग्णालयांतून केलेला अभ्यास २०२३ साली आला. त्यात कोविडच्या लसीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. मृत्यूआधीच्या दोन दिवसांतलं भरमसाट मद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम यांचा मात्र संबंध दिसला. त्यातून सवय नसताना एकदम झेपेल त्याहून जास्त करू नका, एवढं शिकावं. रोजच्या चालण्याला भिण्याचं त्यात काही नाही.

पहिल्या बाजूनं मात्र माझ्या घरात नुकसान केलं आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलते.

बाबांना पंधरा वर्षं साखर आहे. २०१९ साली त्यांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. एका जानेवारीत ते ठाण्यातल्या एका सभागृहात 'मधुमेहमुक्ती'च्या शिबिराला गेले आणि घरी येऊन सगळ्या गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. औषधाच्या दुकानातून महिन्याच्या महिन्याला पाकिटं आणायचे आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवून द्यायचे. एप्रिलमध्ये आईनं व्हिडिओ कॉलवर तो खण उघडून मला दाखवला. न उघडलेल्या पट्ट्या रबरबँड लावून महिनावार रचलेल्या. बाबा बँकेत होते, रचण्यात त्यांची चूक होणार नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.१ वरून ९.४ वर गेला होता. साखरेचं एक वेळ राहू द्या. स्टेंट असलेल्या माणसानं रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं, हे त्या शिबिरात त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिथं पडद्यावर एकच आकडा दाखवला होता, ५८ टक्के.

तो आकडा खोटा नाही. २००२ साली अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ३,२३४ लोकांची. आहार, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजनात सात टक्के घट, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. पण त्या ३,२३४ जणांत मधुमेह झालेला कुणीच नव्हता. सगळे उंबरठ्यावरचे. पंधरा वर्षं आजार असलेल्या माणसाला तो आकडा दाखवणं म्हणजे पूल बांधण्याआधीच्या मातीच्या तपासणीवरून पंधरा वर्षं वापरात असलेल्या पुलाला प्रमाणपत्र देणं. माझ्या धंद्यात असं कुणी केलं तर त्याचा परवाना जाईल.

आपल्याच देशातलं उत्तर मात्र त्या पडद्यावर नव्हतं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं ५३१ भारतीयांवर अशीच चाचणी केली, निष्कर्ष २००६ साली आले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामाच्या गटात ३९.३ टक्क्यांना, गोळीच्या गटात ४०.५ टक्क्यांना. दोन्ही एकत्र देऊनही त्यापलीकडे काही मिळालं नाही. शिवाय हा फायदा वजन फारसं न घटताच झाला. आपल्या अंगकाठीच्या लोकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. हातपाय बारीक आणि पोटात चरबी अशी आपली ठेवण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं दाखवून दिली आहे. 'मी कुठे जाड आहे' म्हणणाऱ्या बाबांसारख्यांनी चालायचं ते वजनकाट्यासाठी नाहीच.

त्या चेन्नईच्या गटात लोकांना दर महिन्याला फोन जायचा आणि सहा महिन्यांनी समोर बसवून बोलणं व्हायचं. पुढच्या एका चाचणीत तर पुरुषांना मोबाइलवर नुसते नियमित मेसेज गेले, दोन वर्षं. ते न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. कॅनडात सल्लागार, चेन्नईत फोन. 'रोज चालत जा' एवढं सांगून या चाचण्यांत कुणाचं भलं झालेलं नाही, कारण ते वाक्य फोन-मेसेज न गेलेल्या गटालाही ऐकवलेलं होतं. सरशी झाली ती ज्यांची विचारपूस होत राहिली त्यांची. आणि आपल्या दवाखान्यात पाठीवर थाप मारून नेमकं ते वाक्यच हातात ठेवतात.

आता माझ्या शेजारणीबद्दल. ती खालच्या मजल्यावर राहते, १९४० सालचा जन्म. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, पण मी मनात तिला आजीच म्हणते. २०१२ साली ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठानं १९३६ ते १९४२ दरम्यान जन्मलेल्या शहरातल्या सगळ्यांना पत्रं पाठवली : व्यायामानं म्हातारपणी आयुष्य वाढतं का, ते पाहू. 'जनरेशन १००' नाव. १,५६७ जण आले. एका गटाला आठवड्यातून दोनदा जोराचा, धाप लागणारा व्यायाम. दुसऱ्याला दोनदा मध्यम गतीचा, पन्नास मिनिटं. तिसऱ्याला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल ग्रुपला, फक्त सरकारी सल्ला की बहुतेक दिवस अर्धा तास हालचाल ठेवा. आजींची चिठ्ठी तिसऱ्या गटात निघाली. त्या फार हिरमुसल्या आणि मग त्यांनी स्वतःच नवे स्की घेतले.

पाच वर्षांनी निकाल आला. कंट्रोल ग्रुपमधले ४.७ टक्के लोक वारले होते, व्यायामाच्या दोन्ही गटांतले मिळून ४.५. फरक नाही म्हटलं तरी चालेल. काकांनी हे वाचलं असतं तर 'व्यायामानं काही होत नाही, परदेशी डॉक्टरांनी मान्य केलं' असा मेसेज आला असता. खरं कारण आजींच्या दाराशी उभं होतं. तिसऱ्या गटातले म्हातारेही चालत होते, स्की करत होते, काहींनी तर आपणहून जोराचा व्यायाम धरला होता. या शहरात 'काहीच न करणारा' गट मिळणंच अवघड.

हे का, याचा विचार मी बरीच वर्षं केला आहे. नॉर्वेतली माणसं जात्याच शिस्तीची असतात, असं इथले आणि आपलेही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो, रस्त्यावर बर्फाची काच होते. तरी आजी बाहेर पडतात, कारण पदपथावर खडी टाकलेली असते, दिवे लागलेले असतात, रानातली पायवाट घरापासून दहा मिनिटांवर असते आणि दर काही अंतरावर बसायला बाक असतो. माझी कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी मला नगरपालिकेच्या केंद्रात पाठवलं. साधारण बारा आठवड्यांची चिठ्ठी असते. सुरुवातीला एक जण बसून विचारतो काय जमेल, काय आवडेल. मग गटात व्यायाम, शेवटी पुन्हा बोलणं. औषधासारखंच मात्रा ठरवून.

आणि ठाणं? तलावांचं शहर आमचं. पहाटे कचराळीला किंवा तलावपाळीला या, कोपिनेश्वराची घंटा ऐकत चालणारी माणसं पाहून कुणालाही उमेद येईल. पण ती बहुतेक निवृत्त पुरुष. घोडबंदर रोडवर राहणारी माझी वहिनी सकाळी डबे करून सातला घराबाहेर पडते. मेट्रोच्या खांबांखालून, खणलेल्या पदपथावरून, दुचाकी चुकवत बसस्टॉप गाठते. तिला '१५० मिनिटं' सांगणाऱ्या डॉक्टरांनी एकदा तिच्याबरोबर तो रस्ता चालून पाहावा. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत : पुरुष ४२ टक्के, बायका ५७. या पंधरा टक्क्यांच्या फरकाला आळस म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे.

तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची सरकारी योजना आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरून नेतात. पुढचं पाऊल मात्र पडत नाही. माझं मागणं तेवढंच आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन सकाळी एक फिजिओथेरपिस्ट बसावा, बारा आठवड्यांची चिठ्ठी मिळावी आणि कुणी आलं नाही तर फोन जावा. गोळ्या चालू ठेवून. वर्षा मॅरेथॉनच्या शर्यतींचं मला कौतुक आहे, लहानपणी मीही पावसात धावले आहे. पण वहिनीला आणि आईला त्याचा उपयोग नाही.

योगाचंही इथेच सांगून टाकते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ भारतीयांवर, २४ केंद्रांत 'योग-केअर' ही चाचणी झाली. पुन्हा झटका किंवा मृत्यू यांत ठोस फरक दिसला नाही. पण योग करणाऱ्यांना बरं वाटू लागलं, आणि ते आधीच्या कामांना जास्त प्रमाणात लागले. माझ्या मते झटक्यानंतर घरात भेदरून बसलेल्या माणसासाठी हे थोडं नाही. तेवढंच खरं सांगितलं तरी योगाचा मान राखला जाईल.

एका बाबतीत मात्र ठाणं ट्रॉन्डहाइमच्या पुढे आहे, आणि हे मी बाबांमुळे शिकले. आजी एकट्या चालतात. मागच्या हिवाळ्यात त्या पडल्या, मनगट मोडलं. दोन दिवस त्या दिसल्या नाहीत हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही उशिराच आलं. कचराळीला एक दिवस बाबा गेले नाहीत तर साडेसातला दारात माणूस उभा : "काय हो, काल दिसला नाहीत?" कॅनडातल्या चाचणीत हेच विचारायला पगारी माणूस ठेवावा लागला होता.

खणातल्या पट्ट्या पाहिल्यावर मी बाबांवर ओरडले नाही, खूप रडले. बाबा दुसऱ्या दिवशी आईबरोबर डॉक्टरांकडे गेले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मग मी त्यांना चेन्नईचे सगळे आकडे समजावले, बँकेतल्या माणसाला समजावे तसे, रकाने पाडून. त्यांनी एक जाड वही घातली. तीन रकाने : गोळी, मिनिटं, सोबत कोण. मग त्यांच्या गटातल्या आणखी चौघांनी आपली नावं घालायला सांगितलं. दोन दिवस रकाना रिकामा दिसला की कुणीतरी फोन करतं.

इथे पहाटेचे साडेतीन-चार वाजलेले असतात तेव्हा बाबा त्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठवतात. मी उठल्यावर पाहते. ऑक्टोबरातल्या एका पानावर सर्वांत खाली वेगळं अक्षर होतं, आईचं. गुडघ्यामुळे ती वर्षभर बिल्डिंगच्या खाली उतरली नव्हती. गोळी : घेतली. मिनिटं : १२. सोबत कोण : हे.