व्हिएन्नाची कॉफी लढाईच्या लुटीतून आलेली नाही

‘१६८३ साली व्हिएन्नाचा वेढा सोडून तुर्क पळाले, मागे कॉफीची पोती राहिली. लोकांना तो उंटांचा चारा वाटला. कोल्शित्स्की नावाच्या हेराने ती मागून घेतली आणि शहरातलं पहिलं कॉफीगृह काढलं. बेकरीवाल्यांनी विजयाच्या आनंदात तुर्की चंद्रकोरीच्या आकाराचा क्रुआसाँ भाजला. आज ही परंपरा युनेस्कोच्या जागतिक यादीत आहे.’ हा मजकूर इतक्यांदा माझ्याकडे आलाय की आता उत्तर लिहायलाच हवं.

आधी पोती. व्हिएन्नाला १६८३ पर्यंत कॉफी ठाऊकच नव्हती, या एका गृहीतावर सगळी गोष्ट उभी आहे आणि तेच चुकीचं आहे. ऑस्ट्रिया आणि तुर्क यांच्यातल्या १६६४ च्या तहानंतर, १६६५ मध्ये, सुलतानाचा वकील कारा मेहमेद पाशा मोठा लवाजमा घेऊन व्हिएन्नाला आला. मुक्काम काही महिन्यांचा होता. त्याच्याकडे कॉफी उकळायची, आल्यागेल्याला दिली जायची. म्हणजे वेढ्याच्या जवळजवळ दोन दशकं आधी कॉफी शहरात आली, तीही पाहुण्यांच्या हातून.

क्रुआसाँचं तर काहीच जुळत नाही. ऑस्ट्रियात जो वळलेला पाव मिळतो त्याला किप्फेर्ल म्हणतात, आणि त्याचा उल्लेख १३ व्या शतकातल्या काव्यात सापडतो. तेव्हा ऑटोमन, म्हणजे तुर्कांचं, साम्राज्य उभंही राहिलं नव्हतं किंवा जेमतेम जन्मत होतं. किप्फेर्ल हा साध्या आंबवलेल्या पिठाचा. लोणी घालून, घड्या घालून पापुद्रे काढायचं कसब फ्रान्समधलं. पॅरिसला व्हिएन्नाच्या बेकरीची गोडी लावली ती ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाच्या दुकानाने, १८३० च्या दशकाच्या अखेरीस.

युनेस्कोचं थोडक्यात: २०११ मध्ये व्हिएन्नाच्या कॉफीगृह संस्कृतीची नोंद झाली ती ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय यादीत. जागतिक यादी वेगळी. आणि नोंद झाली ती तिथल्या रीतीची. चांदीच्या रंगाच्या छोट्या तबकात मेलांज, म्हणजे तिथली दुधाची कॉफी, येते, शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लासावर आडवा चमचा. लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं घ्या, एका कपावर दुपार काढा, कुणी उठ म्हणत नाही. या रीतीला वेढ्याची गरजच नाही.

आता मला खरोखर बोचणारी गोष्ट. कोल्शित्स्की खरा होता आणि त्याचं धाडसही खरं. ऑगस्ट १६८३ मध्ये तुर्की वेश करून तो शत्रूच्या छावणीतून बाहेर पडला, शहराच्या मदतीला आलेल्या सैन्याचा सेनापती असलेल्या लोरेनच्या ड्यूकपर्यंत निरोप नेला आणि मदत येत असल्याची खबर घेऊन परतला. शहराने त्याला इनामही दिलं. पण पहिल्या कॉफीगृहाचा मान त्याचा नाही. कॉफी विकण्याचा परवाना १७ जानेवारी १६८५ ला मिळाला तो योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला. पूर्वेशी व्यापार करणाऱ्या या लोकांना कॉफी कशी भाजायची, कशी उकळायची हे आधीपासून माहीत होतं.

मग कोल्शित्स्कीचं नाव आलं कुठून? गॉटफ्रीड उलिख या पाद्र्याने १७८३ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, वेढ्याचा इतिहास लिहिला आणि तिथून ही कथा पसरली. १८८५ मध्ये व्हिएन्नातल्या फाव्होरिटेनस्ट्रासे या रस्त्यावर एका इमारतीच्या कोपऱ्यावर तुर्की पोशाखात कॉफी ओतणारा त्याचा पुतळाच बसला. पुतळा उभा राहिला की माणसं गोष्ट खरी मानतात. त्यात शांततेच्या काळात, दुकानदारीतून रुजलेली एक परंपरा युद्धातली लूट ठरली, आणि ज्या परक्या माणसाने तिचं दुकान मांडलं त्या डिओडाटोचं नावच पुसलं गेलं. हा अन्याय आहे, म्हणून मी एवढं तावातावाने लिहितोय.

व्हिएन्नाने स्वतः ते नाव परत आणलंय. २००४ पासून चौथ्या जिल्ह्यात, वीडनमध्ये, योहानेस डिओडाटोच्या नावाची एक बाग आहे.