समृद्धीवर गाडी थांबवली नाही, त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की नागपूरहून शिर्डीला जाताना चार वर्षांचा मुलगा लघवीसाठी रडत होता, तरी ड्रायव्हरने समृद्धी महामार्गावर गाडी बाजूला घेतली नाही. पाच तासांचा रस्ता दहा तासांत कापला आणि धूपारती चुकली. मुलाला पुढे आजोबांच्या मांडीवर बसू दिलं नाही. वरून उलटी झाली म्हणून सफाईचे ६०० रुपये लावले. ड्रायव्हरशी मी बसून बोललो, तुमच्याशीही फोनवर बोलणं झालं. तरी इथे लिहितो आहे, कारण सुट्ट्या लागल्या की लहान लेकरं घेऊन याच रस्त्याने निघणारी कितीतरी घरं हे वाचतात.

गाडी न थांबवण्याबद्दल राग धरायचा असेल तर तो माझ्यावर धरा, ड्रायव्हरवर नको. समृद्धीवर गाडी जागेवर बंद पडली किंवा टायर गेला तरच कडेला घ्यायची, हा माझा नियम आहे आणि आमच्या प्रत्येक ड्रायव्हरला तो पाळावाच लागतो. त्या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सरळसोट काँक्रीट, ना सिग्नल ना गाव. तासन्‌तास तसं चालवून मागून येणाऱ्याची नजर बधिर होते. कडेला उभी असलेली गाडी उभी आहे की चालते आहे, हे त्याला अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. तो ट्रक रस्त्यावर थांबवलेला होता, असं तेव्हा पेपरात आलं होतं. आता त्याच कडेला तुम्ही मुलाची चड्डी सोडून उभ्या आहात, मागचं दार उघडं आहे आणि दीड वर्षाची धाकटी आजीच्या हातून सुटून खाली उतरू बघते आहे, असं डोळ्यासमोर आणा. माझ्या गाडीतलं लेकरू त्या पट्ट्यावर उभं राहणार नाही. यासाठी एक स्टार मिळाला तरी नियम हाच राहील.

तुमच्या रिव्ह्यूत एक गोष्ट राहून गेली आहे. तो लघवीसाठी रडायला लागला त्याच्या आधीच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबली होती. मागे वळून ड्रायव्हरने विचारलं होतं, "ताई, बाळाला बाथरूमला नेता का?" शिवमडक्यापासून, म्हणजे नागपूरजवळ समृद्धी सुरू होते तिथपासून, रडत आलेला मुलगा तेव्हा नुकता झोपला होता. तुम्ही म्हणालात, झोपू द्या, चला. ताई, यात मी तुम्हाला बोल लावत नाही. इतक्या मिनतवारीने झोपलेलं लेकरू उठवायला कोणत्याच आईचं मन होत नाही. आजोबांना वाटतं तासभर तरी शांतता मिळेल, धाकटीही तेवढ्यात डोळा लावेल. पण साध्या हायवेवर हा हिशोब चालतो, समृद्धीवर चालत नाही. तिथे ढाबा लागला म्हणून गाडी वळवता येत नाही. पुढचा पंप किंवा पुढचं इंटरचेंज, म्हणजे खाली उतरायची वाट, येईपर्यंत दोन्ही बाजूंना कुंपण असतं. पंप सुटून अर्धा तास झाला आणि तो उठला तो रडतच. ड्रायव्हरने जे पहिलं इंटरचेंज आलं तिथून गाडी खाली उतरवली, टोल ओलांडून सावलीत उभी केली, पण तोवर उशीर झाला होता.

"माझ्या मुलाला सगळ्यांसमोर लाजिरवाणं झालं" असं तुम्ही लिहिलं आहे. ते वाचून वाईट वाटलं. त्या वेळी ड्रायव्हरने डिकीतली पाण्याची कॅन काढून दिली, स्वतःचा टॉवेल दिला आणि पोराचे कपडे बदलून होईपर्यंत तो पाठमोरा उभा राहिला. हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. चार वर्षांच्या मुलाला त्या दिवसातलं काय आठवेल ते गाडीतली मोठी माणसं कशी वागली त्यावर असतं, आणि तुमच्याकडचं कोणीही त्याला रागावलं नाही. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबाबांना माझी कळकळीची विनंती आहे की समृद्धीवर पंप आला की झोपलेलं मूलही उठवा. रडेल दहा मिनिटं, रडू द्या. रुंद तोंडाची एक बाटली, दोन चड्ड्या आणि एक जुना टॉवेल हाताशी ठेवा, डिकीत बॅगांच्या खाली नको.

आता वेळेचं. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून "पाच तासांत शिर्डी" हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे. तो ५२० भागिले १२० चा हिशोब आहे, त्यात दूध गरम करणं, डायपर बदलणं, हरवलेला बूट सीटखालून काढणं कुठेच नाही. आमच्या गाड्या मुलं असली की शंभराच्या वर जात नाहीत. मे महिन्यात काँक्रीट इतकं तापतं की वेग आणि उष्णता मिळून टायरवर फार ताण येतो, आणि गाडी पूर्ण भरलेली असते. त्यातून गाडी सकाळी सातला दारात होती, निघाली साडेनऊला. लहान मुलांच्या घरून असंच निघणं होतं, आम्ही ते धरूनच चालतो. पण मग मेहकरला उतरून लोणार बघायचं ठरलं. बुकिंगच्या वेळीच मी म्हणालो होतो की एका दिवसात दोन्ही नको, लोणार परतीला ठेवा. विवर वरून बघायलाच खरं सुंदर आहे, आणि भर दुपारी दीड वर्षाच्या मुलीला घेऊन उतरण्यासारखी ती वाट नाही. धूपारती सूर्यास्ताला होते. लोणारहून चार वाजता निघालेली गाडी तिला पोचत नाही, कोणीही चालवली तरी.

पुढच्या सीटचा विषय मी लांबवत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १००० रुपये दंड आहे. पण मला दंडाची काळजी नाही. शंभरच्या वेगात करकचून ब्रेक लागला तर आजोबांचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत, कितीही घट्ट धरलं तरी. आणि पुढची एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीसाठी बनवलेली असते, ती उघडते तेव्हा मांडीवरच्या मुलाचं डोकं नेमकं तिच्यासमोर असतं. चाइल्ड सीट आम्ही फुकट देतो, तुम्हालाही विचारलं होतं. मूल सुरुवातीला त्यात रडतं हे खरं. घरी दोन दिवस आधी सोफ्यावर ठेवून त्यात बसवून खेळवलं तर पुष्कळदा जमून जातं.

राहिले ६०० रुपये. बुकिंगच्या मेसेजमध्ये हा दर लिहिलेला असतो. उलटी सीटच्या सांध्यात आणि बेल्टच्या खाचेत गेली की वरून पुसून भागत नाही. सीट खोलून धुवावी लागते, वाळवावी लागते, आणि त्या दिवशी गाडी उभी राहते. पैसे धुणाऱ्या पोराला जातात. मूल आजारी पडलं याची ती शिक्षा नाही. पुढच्या घरचं लेकरू त्याच सीटवर झोपणार असतं. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तरी एवढेच लागले असते.

उलटी का झाली तेही सांगतो, कारण ती टाळता येते. लोणारहून निघाल्यावर मुलगा जेवलेला होता आणि मोबाइलवर कार्टून बघत होता. डोळे स्थिर पडद्यावर आणि शरीर हलत्या गाडीत, अशा वेळी डोळे मेंदूला एक सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. ड्रायव्हरने दोनदा मोबाइल बंद करायला सांगितलं, ते तुम्हाला आगाऊपणाचं वाटलं. तो काळजीनेच सांगत होता.

मला विचाराल तर पाच वर्षांच्या आतल्या मुलांची पहिली सहल रामटेकची असावी. जेमतेम तासा-दीड तासाचा रस्ता, गडावर राममंदिर, खाली अंबाळा तलाव, मग खिंडसीला बोट. फक्त गडावर मुलांच्या हातात खाऊ देऊ नका, वानरं अंगावर येऊन ओढून नेतात.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की पावसाळ्यात चिखलदऱ्याला जायचं आहे, पण आमच्या गाडीने नाही. तो तुमचा हक्क आहे. ज्यांच्या गाडीने जाल त्यांना एवढं सांगा की अमरावतीनंतर परतवाड्याला अर्धा तास गाडी थांबवायची आणि तिथे मुलांना हलकंच खायला द्यायचं, दूध नको. वर घाट आहे आणि पावसात धुकं इतकं उतरतं की पुढची गाडी दिसत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत वर पोचायचं. मुलाला पुढचा रस्ता दिसेल असं बसवा, मोबाइल पर्समध्ये ठेवा. उलटीचं औषध द्यायचं असेल तर ते निघण्याच्या आधी द्यावं लागतं, म्हणून डोस मुलांच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. चाइल्ड सीट त्यांच्याकडे नसेल तर आमच्या ऑफिसमधून घेऊन जा. गाडी आमची असायलाच पाहिजे असं नाही.