फुकटच्या दहा हजारांचा सदुपयोग

अभिनंदन! ऑनलाइन कॅसिनोत तुम्ही १०,००० रुपये भरलेत आणि त्यांनी वर १०,००० बोनस दिला. सख्खा काका देत नाही एवढं परका का देतोय, असले कोते विचार मनात आणू नका. खाली बारीक अक्षरांत ‘वेजरिंग ३० पट’ असं काहीतरी लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ एवढाच, की पैसे काढण्याआधी बोनसच्या ३० पट, म्हणजे ३ लाखांच्या पैजा लावायच्या.

घाबरू नका, तेच तेच पैसे फिरवायचे आहेत. रुलेट म्हणजे आकड्यांच्या घरांचं फिरतं चाक. एका शून्याच्या रुलेटवर ३७ घरं. लाल-काळ्यावर लावलंत तर १८ तुमची, १९ मालकाची. त्या एका जादा घरापायी शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे जातात, म्हणजे ३ लाखांवर साधारण ८,१००. बोनस १०,०००, खर्च ८,१००, हातात १,९००. आहे की नाही फायदा? (बहुतेक ठिकाणी रुलेटची पैज अटीत पूर्ण धरत नाहीत, स्लॉटची (बटण दाबून चित्रं जुळवायच्या यंत्राची) धरतात, आणि शंभरामागे चार रुपये खाणाऱ्या स्लॉटवर हाच खर्च १२,००० होतो. चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला. पण आपण शुभ बोलू.)

आता पैज केवढी लावायची? तुम्ही संस्कारी घरातले असाल तर शंभराची लावा. ३,००० वेळा. सरासरी तोटा तोच ८,१००, आणि त्यात साडेपाच हजारांचा इकडे-तिकडे हेलकावा, ज्याला जाणकार व्हेरियन्स म्हणतात. एका फेरीला एक मिनिट धरलं तर पन्नास तास. १,९०० रुपये भागिले पन्नास, म्हणजे तासाला ३८ रुपये. घरच्यांना सांगताना ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणा.

हे रटाळ वाटत असेल तर थेट १०,०००ची लावा. ३० पैजांत अट पूर्ण. पैज शंभरपट झाली की हेलकावा दहापट होतो, म्हणजे साडेपाच हजारांचे ५५,०००. आणि ३ लाखांवरचा सरासरी तोटा? तो तेवढाच. अर्थात पहिल्या दोन पैजा हरलात तर वीस हजार संपले आणि उरलेल्या अठ्ठावीस पैजा लावायचा त्रासही वाचला.

गंमत इथेच आहे. जी पैज लावलीच नाही, तिच्यावर मालकाला कपात मिळत नाही. म्हणून मोठी पैज दिसते वेडगळ, पण बोनसवर तीच शहाणपणाची. १०,०००चे २०,००० करायचे असतील तर शंभर-शंभराच्या पैजांनी यशाची शक्यता हजारात चार-पाच. हजार-हजाराने शंभरात ३७. आणि सगळे एकदम लाल घरावर ठेवले तर शंभरात जवळजवळ ४९. थेंबे थेंबे तळे साचे हे शाळेत शिकवतात. चाक शाळेत गेलेलं नाही.

मालकाला मात्र हे गणित तुमच्याआधी येतं. म्हणून त्याच बारीक अक्षरांत आणखी एक ओळ सापडेल: बोनस चालू असताना कमाल पैज अमुक रुपये, मोडल्यास जिंकलेली रक्कम जप्त. पैज लावताना स्क्रीन तुम्हाला अडवेलच असं नाही. हरलात तर नियम आठवणारही नाही कोणाला. जिंकून पैसे काढायला गेलात की मात्र तुमचा प्रत्येक डाव भिंगाखाली! तक्रार करायची असेल तर जरूर करा. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, त्यामुळे तुमचा हा उदार दाता बहुधा कुठल्यातरी बेटावर राहतो. ब्रिटनमध्ये तर जानेवारी २०२६पासून १० पटींच्या वर अट घालायलाच मनाई आहे. बिचारे इंग्रज, तीस पटींच्या सुखाला मुकले.

कायदा पाळायचाच असेल तर पणजी गाठा. मांडवीतल्या कॅसिनोत प्रवेशाबरोबर एकदाच खेळायची फुकट चिप मिळते. जिंकलात तर जिंकलेले पैसे तुमचे, चिप त्यांची. अशी हजाराची चिप लाल-काळ्यावर ठेवली तर तिची सरासरी किंमत ४८६ रुपये. एकाच आकड्यावर ठेवता आली तर ९४६! सदतिसात छत्तीस वेळा काहीच मिळणार नाही, हे सोबतच्या मित्रांना आधी सांगू नका. आणि ती चिप संपल्यावर खिशात हात घालाल तेव्हा आणखी एक भागीदार भेटेल. सप्टेंबर २०२५पासून कॅसिनोच्या चिप्सवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो चाक फिरायच्या आधीच लागतो. तिथे मात्र शंभराची पैज लावणारा आणि दहा हजारांची लावणारा यांच्यात अजिबात भेदभाव होत नाही.